स्वरचित गाण्याचा प्रश्न : ‘रॉक मशीन’ या मुंबईतील बँडच्या आरंभीच्या वाटचालीची चिकित्सा (१९८४ ते १९९५)

प्रस्तावना

मंडणगड तालुक्यात ‘बँड’ हा शब्द उच्चारला की लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा बँडच प्रथम डोळ्यांसमोर येतो. चार-पाच तरुणांनी एकत्र यावे, गीते स्वतः रचावीत, चाली स्वतः बांधाव्यात आणि गिटार, ड्रम यांच्या साथीने ती स्वतःच सादर करावीत, या अर्थाने हा शब्द मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला नाही. मराठी संगीतसमीक्षेने नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, पोवाडा यांचा विचार जेवढ्या आस्थेने केला, तेवढा मुंबईत इंग्रजीतून गाणाऱ्या रॉक बँडांचा केला नाही. हे संगीत परके आहे, उच्चभ्रू महाविद्यालयीन तरुणांचे आहे, अशी त्यामागे धारणा असावी. ही धारणा सर्वस्वी चुकीची नाही. तथापि तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न दुर्लक्षित राहिला. तो प्रश्न असा की, दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी ऐकण्यासाठी जमलेल्या श्रोत्यांसमोर कलावंताने स्वतःचे गाणे कोणत्या बळावर गावे?

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. ग्रामीण महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात स्वतः लिहिलेले गाणे घेऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्याला सामोरे जावे लागते. समोरून चित्रपटगीताची फर्माईश येते आणि वहीतले गाणे वहीतच राहते. म्हणूनच १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि १९९३ साली ‘इंडस क्रीड’ असे नामांतर केलेल्या ‘रॉक मशीन’ या बँडच्या आरंभकाळाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या विचारासाठी दोन बाजूंनी तुलना योजली आहे. एका बाजूला ब्रिटनमधील स्वतंत्र अर्थात ‘इंडी’ रॉक बँडांची परंपरा आहे, तर दुसऱ्या बाजूला मंडणगड परिसरातील जाखडीची परंपरा आहे.

‘स्वरचित’ या संज्ञेचा विचार

‘स्वतःचे गाणे’ हा शब्दप्रयोग वरवर पाहता सुबोध वाटतो. परंतु गाण्याचे स्वत्व किमान चार घटकांत विभागलेले असते. पहिला घटक शब्दांचा, दुसरा चालीचा. तिसरा घटक शैलीचा असून त्यात भाषा, उच्चार, वाद्यमेळ आणि गाण्यामागील अनुभवविश्व यांचा समावेश होतो. चौथा घटक मालकीचा आहे. गाणे कोणी मुद्रित करावे, कोणी विकावे आणि त्याचे श्रेय व मोबदला कोणाला मिळावा, याचा निर्णय त्यात येतो. एखादा कलावंत यांपैकी एक-दोन घटकांत स्वतंत्र असतो आणि उरलेल्यांत परावलंबी असतो, असेच बहुधा आढळते. त्यामुळे एखादा बँड ‘मौलिक’ आहे की ‘अनुकरणात्मक’ आहे, असा सरसकट निवाडा देण्याऐवजी तो कोणत्या घटकात स्वतंत्र आहे हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

ब्रिटिश पूर्वपीठिका

ब्रिटनमधील इंडी चळवळीने प्रथम हात घातला तो चौथ्या घटकाला. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने उसनवारीच्या पैशांवर चार गाण्यांची तबकडी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्याच नाममुद्रेखाली ती प्रसिद्ध केली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाताही तबकडी निघू शकते, हे या घटनेने सिद्ध झाले. पुढे लंडनमधील ‘रफ ट्रेड’सारख्या लहान प्रकाशनसंस्थांनी या मार्गाला संस्थात्मक रूप दिले. १९८० साली ब्रिटनमध्ये स्वतंत्र प्रकाशनांच्या विक्रीची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. ‘इंडी’ हा शब्द मुळात संगीताच्या बाजाचा नव्हे, तर मालकीचा वाचक होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१९८२ साली मँचेस्टरमध्येच ‘द स्मिथ्स’ हा बँड स्थापन झाला. मे १९८३ मध्ये ‘रफ ट्रेड’ने त्याची पहिली तबकडी काढली, तर फेब्रुवारी १९८४ मध्ये पहिला गीतसंग्रह आला. कापडगिरण्यांवर वाढलेल्या आणि गिरण्या बंद पडल्यावर खंगलेल्या या शहराची उदासी, उपरोध आणि बोलण्याची ढब या बँडच्या गाण्यांत उतरली. म्हणजे मालकीपाठोपाठ शैलीच्या घटकातही स्थानिकता आली. दोन दशकांनंतर शेफील्डच्या ‘आर्क्टिक मंकीज’ या बँडने हाच क्रम नव्या साधनांनी गिरवला. कार्यक्रमांत फुकट वाटलेल्या सीडींवरील गाणी श्रोत्यांनीच इंटरनेटवरून एकमेकांना पोचवली. जानेवारी २००६ मध्ये पहिला संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यातील गायनाचा उच्चार मात्र शेफील्डचाच राहिला, आणि विषयही त्याच शहरातील रात्रीच्या वर्दळीचे होते. हा तपशील गौण नाही. जगाने ऐकावे म्हणून या तरुणांनी गावचा उच्चार सोडला नव्हता.

मुंबईतील परिस्थिती

‘द स्मिथ्स’चा पहिला संग्रह आला त्याच वर्षी मुंबईत ‘रॉक मशीन’ची स्थापना झाली. महेश तिनईकर, इयान सांतामारिया, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस आणि आफताब करीमभॉय हे आरंभीचे सदस्य होते. पुढे उदय बेनेगल, जयेश गांधी आणि झुबिन बालापोरिया हे बँडमध्ये आले आणि मुख्य गायक म्हणून बेनेगल यांचे स्थान निश्चित झाले. केवळ आडनावांवरून नजर फिरवली तरी मुंबईच्या बहुभाषिक, बहुधर्मीय मध्यमवर्गाचे प्रतिबिंब त्यात दिसते. घरातील भाषा निरनिराळ्या असलेल्या या तरुणांना जोडणारी भाषा इंग्रजी होती. त्यांचे इंग्रजीतून गाणे हा निव्वळ नकलेचा प्रकार नव्हता, तर त्यांच्या सामाजिक घडणीचा तो स्वाभाविक परिणाम होता. मराठी समीक्षकाने ही वस्तुस्थिती प्रथम मान्य करावयास हवी.

त्या काळी रॉक संगीताचा मुंबईतील वावर महाविद्यालयीन महोत्सव आणि धोबी तलाव येथील रंगभवनासारखी मोजकी खुली सभागृहे यांपुरता मर्यादित होता. आर्थिक उदारीकरणापूर्वीच्या त्या वर्षांत परदेशी गिटार, ध्वनिवर्धक किंवा कळफलकवाद्य मिळवणे खर्चाचे आणि खटपटीचे होते. उपग्रह वाहिन्या नव्हत्या, दूरदर्शनवर या संगीताला नाममात्र जागा होती. श्रोत्यांच्या अपेक्षाही ठरलेल्या होत्या. कॅसेटवर ऐकलेली पाश्चात्त्य बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवणारा बँड तो चांगला बँड, असा निकष रूढ होता. मराठी श्रोत्याने याला हसण्याचे कारण नाही. त्याच दशकांत महाराष्ट्राच्या गावोगावी गाजलेल्या ऑर्केस्ट्रांचा निकषही हाच होता. मूळ गायकाच्या आवाजाशी मिळताजुळता आवाज काढणाऱ्याला टाळ्या मिळत. नकलेची ही प्रतिष्ठा दोन्ही वर्गांत समान होती, भेद होता तो फक्त नकलेसाठी निवडलेल्या मूळ गाण्यांचा.

आरंभीचा टप्पा : १९८४ ते १९९०

‘रॉक मशीन’ची सुरुवातही इतरांप्रमाणे पाश्चात्त्य गाणी वाजवण्यातूनच झाली. परंतु काही वर्षांतच बँडने स्वरचित गाण्यांचा आग्रह धरला. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला संग्रह आणि १९९० साली ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा संग्रह प्रसिद्ध झाला. इंग्रजीतून गाणाऱ्या भारतीय रॉक बँडांत संपूर्ण स्वरचित संग्रह काढण्याचे धाडस करणाऱ्या मोजक्या बँडांपैकी हा एक होय. या धाडसाचे मोल आज सहजी उमगत नाही. ओळखीचे गाणे वाजवून हमखास मिळणारी दाद सोडून, कोणी कधी न ऐकलेले गाणे वाजवून शांतता पत्करण्याची तयारी त्यासाठी लागते. पुढील पिढीतील बँडांना स्वतःची गाणी वाजवणे स्वाभाविक वाटू लागले, त्याचे काही श्रेय या टप्प्याला द्यावेच लागेल.

असे असले तरी, वर निर्दिष्ट केलेल्या चार घटकांच्या कसोटीवर पाहता या संग्रहांनी पहिले दोन घटकच जिंकले, असे म्हणावे लागते. शब्द आणि चाली बँडच्या होत्या, शैली मात्र उसनी होती. उंच पट्टीतील गायन, झगमगीत गिटार, विस्तृत कळफलक-ध्वनी हा सर्व साज तत्कालीन अमेरिकी रॉकचा होता. संग्रहाच्या शीर्षकातील ‘बंडखोर’ ही प्रतिमासुद्धा रॉकच्या पुराणकथेतून आलेली आहे. हे बंड कोणाविरुद्ध, कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, याचा पत्ता त्या प्रतिमेत लागत नाही.

येथे मँचेस्टरशी तुलना अपरिहार्य ठरते. मुंबई हेही कापडगिरण्यांचे शहर होते. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्यात लक्षावधी कामगारांचे संसार उद्ध्वस्त झाले. त्या कामगारांत कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांची संख्या मोठी होती. संपाच्या झळा शहरभर जाणवत असतानाच ‘रॉक मशीन’ची जडणघडण झाली. तरीही गिरणगावाचा हा ऱ्हास त्याच्या गाण्यांच्या केंद्रस्थानी आला नाही. मँचेस्टरच्या बँडला शहराचे दुःख गाण्याचा विषय वाटले. मुंबईच्या बँडला ते तसे वाटले नाही. याचे कारण सदस्यांच्या असंवेदनशीलतेत शोधणे अन्यायाचे ठरेल. ज्या भाषेत गाणे लिहिले जात होते, ती भाषा गिरणगावात बोलली जात नव्हती. शैलीची निवड केवळ सौंदर्यविषयक नसते. कोणते दुःख गाण्यात प्रवेश करू शकेल, हेही ती ठरवते.

नामांतर आणि त्याचा अर्थ

१९९१ नंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. उपग्रह वाहिन्या घराघरांत आल्या आणि आशियासाठीची एमटीव्ही वाहिनी भारतात दिसू लागली. संगीत ऐकण्याबरोबर ‘पाहण्याचीही’ गोष्ट झाली. १९९३ साली बँडने ‘रॉक मशीन’ हे नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशिया विभागाची प्रेक्षकपसंती लाभली. १९९५ साली ‘इंडस क्रीड’ याच नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला.

या नामांतराचा अन्वय महत्त्वाचा आहे. ‘यंत्र’ या शब्दाला देश नसतो, ‘सिंधू’ या शब्दाला असतो. मोठ्या जगाने आपल्याकडे पाहावयास सुरुवात केल्यावर ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न बँडसमोर आला आणि नाव हे त्याचे पहिले उत्तर ठरले. मात्र नावाने सुचवलेली भूमी फार विस्तृत आहे. सिंधू म्हणजे संस्कृती, इतिहास, प्राचीनता. धोबी तलाव किंवा वांद्रे नव्हे. ‘आर्क्टिक मंकीज’ने जगासमोर शेफील्ड ठेवले, ‘इंडस क्रीड’ने जगासमोर ‘भारत’ ठेवला. राष्ट्र हे अनुभवाचे एकक म्हणून गाण्याला फार मोठे पडते. गाण्याला गल्ली लागते. तरीही हा बदल निव्वळ व्यापारी क्लृप्ती म्हणून निकालात काढता येत नाही. उसन्या शैलीची अपुरी बाजू बँडला स्वतःलाच जाणवल्याची ती कबुली आहे, आणि आत्मपरीक्षणाची अशी क्षमता हे प्रगल्भतेचे लक्षण मानावे लागेल. १९९७ साली बँड विसर्जित झाला. २०१० साली तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मात्र हा उत्तरार्ध प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

स्वभाषेची निवड केली असती तर प्रश्न सुटला असता काय, असा आक्षेप येथे संभवतो. कोलकात्यातील ‘मोहिनेर घोडागुली’ या बँडचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर या बँडने बंगाली भाषेत, शहराच्या अनुभवावर, स्वतःची गाणी रचली आणि १९७७ साली पहिली तबकडी काढली. शब्द, चाल व शैली या तिन्ही घटकांत तो स्वतंत्र होता. तत्काळ श्रोतृवर्ग मात्र त्याला लाभला नाही. व्यापक मान्यता मिळाली ती १९९०च्या दशकात. तात्पर्य, स्वभाषा यशाची हमी देत नाही. पण वीस वर्षांनी कोणी परत येऊन शोधावे असे काही मागे ठेवण्याची शक्यता ती वाढवते.

जाखडीचा निकष

आता दुसऱ्या तुलनेकडे वळता येईल. मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यात गणेशोत्सवाच्या दिवसांत जाखडीचे फड रंगतात. मुंबईत बाल्या नाच म्हणून ओळखला जाणारा प्रकार तो हाच. मध्यभागी शाहीर, ढोलकी आणि झांज यांची साथ, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे नाचे, अशी त्याची रचना असते. शक्तिवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांत सामना होतो. गण, गवळण यांनंतर सवाल-जवाब सुरू होतात. एका पक्षाने टाकलेल्या कूटप्रश्नाला दुसऱ्या पक्षाच्या शाहिराने पद्यातून उत्तर द्यावे लागते. येथे दुसऱ्याचे गाणे पाठ म्हणून निभाव लागत नाही. ज्याच्याकडे नवे कवन नाही, तो शाहीर मैदानात हरतो. ‘रॉक मशीन’ला जे धाडस म्हणून करावे लागले, तो जाखडीत प्रवेशाचा नियम आहे. शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा आणि गुरुपरंपरेचा उल्लेख येतो, म्हणजे श्रेयाची व्यवस्थाही रचनेतच गुंफलेली असते.

तथापि जाखडीचे गौरवीकरण करून थांबणे योग्य होणार नाही. तिचे परावलंबन निराळ्या ठिकाणी आहे. शब्द शाहिराचे असतात, पण चाल पुष्कळदा लोकप्रिय चित्रपटगीताची असते. भाषा, उच्चार, अनुभवविश्व अस्सल असते, पण मालकीच्या घटकात ही परंपरा दुबळी आहे. कॅसेटच्या जमान्यात आणि त्यानंतर व्हीसीडीच्या व यूट्यूबच्या काळात जाखडीची गाणी मोठ्या प्रमाणावर पसरली. परंतु नाममुद्रा कडव्यात राहिली, करारपत्रात आली नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना निर्माण होताच रचनाकाराला हक्क प्राप्त होतो, त्यासाठी नोंदणी अनिवार्य नाही. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वशुल्कावरील हक्क अधिक भक्कम केला. ही माहिती गावातील शाहिरापर्यंत पोचवणे हे स्थानिक महाविद्यालयाचे कार्य ठरू शकते.

विशेष म्हणजे ही दोन्ही विश्वे एकाच शहरात, एकाच दशकात नांदत होती. धोबी तलावच्या रंगभवनात इंग्रजी रॉक वाजत होते आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या गिरणगावातील रंगमंचांवर चाकरमान्यांची नमने व जाखड्या होत होत्या. दोहोंतील अंतर काही किलोमीटरांचे होते. एकाकडे रचनेचे आधुनिक भान होते, दुसऱ्याकडे रचनेची भूमी होती. त्यांची भेट झाली नाही. अलीकडच्या काळात ‘अभंग रिपोस्ट’सारख्या मुंबईतील बँडने संतांचे अभंग रॉकच्या वाद्यमेळातून सादर करून मराठी शब्द या मंचावर आणला, ही स्वागतार्ह घटना आहे. पण तेथे शब्द पूर्वसूरींचे आहेत. आजच्या मराठी तरुणाने आजच्या गावाविषयी, आजच्या बोलीत, स्वतः रचलेल्या गाण्याची जागा अजून पुरेशी भरलेली नाही.

निष्कर्ष

१. ‘रॉक मशीन’च्या आरंभकाळाचे खरे महत्त्व स्वरचित गाण्याच्या आग्रहात आहे. नकलेला प्रतिष्ठा असलेल्या वातावरणात या बँडने शब्द व चाल या घटकांत स्वातंत्र्य मिळवले.

२. शैलीच्या घटकातील परावलंबनामुळे मुंबईतील समकालीन वास्तव, विशेषतः गिरणगावाचा ऱ्हास, या गाण्यांच्या कक्षेत येऊ शकला नाही. १९९३चे नामांतर ही उणीव ओळखल्याची खूण होय. मात्र त्याने दिलेले उत्तर स्थानिक नसून राष्ट्रीय प्रतिमेचे होते.

३. ब्रिटिश इंडी बँडांकडून घेण्याजोगा धडा ध्वनीचा नसून मालकीचा आणि स्वतःच्या उच्चाराचा आहे.

४. जाखडीत नव्या कवनाची सक्ती आणि नाममुद्रेची प्रथा आधीपासून आहे. तिला चालीचे स्वातंत्र्य आणि कायदेशीर हक्कांची जाणीव यांची जोड मिळणे आवश्यक आहे.

मराठी समीक्षेने या बँडला परके म्हणून दूर ठेवले, तर जाखडीला लोककला म्हणून संग्रहालयात बसवले. दोहोंना एकाच प्रश्नाची दोन अपुरी उत्तरे म्हणून वाचले, तर स्नेहसंमेलनात वही घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काही सांगता येईल. चाल त्याने गिटारवर बांधावी की ढोलकीवर, हा निर्णय त्याचा आहे. फर्माईश आली म्हणून वही मिटू नये, एवढे मात्र त्याला निश्चितपणे सांगता येईल.